इंग्लंडमध्ये घरासमोरचा ड्रॉप्ड कर्ब रुंद करून घेताना

इंग्लंडमधल्या जुन्या सेमी-डिटॅच्ड घरांसमोर गाडी आत घेण्यासाठी फुटपाथचा जो भाग खाली उतरवलेला असतो, त्याला ड्रॉप्ड कर्ब म्हणतात आणि तो बहुधा एका गाडीपुरताच असतो. घरात दुसरी गाडी आली आणि समोरच्या बागेच्या जागी फरसबंदी झाली, की त्या दुसऱ्या गाडीचं एक चाक रोज उंच कर्बवरून, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या ठोकळ्यावरून, चढू लागतं. टायरची बाजू कापली जाते, फुटपाथच्या लाद्या तडकतात, खालच्या नळांवर आणि केबलवर दाब येतो आणि एक दिवस दुरुस्तीच्या खर्चाची मागणी करणारं कौन्सिलचं पत्र दारात पडतं.

पुण्या-नाशिकला बंगल्यापुढच्या गटारावर फरशी टाकून किंवा सिमेंटचा उतार करून गाडी आत घेतात, आणि सहसा कोणी हटकत नाही. इथे ते चालत नाही. कर्ब आणि फुटपाथ घराला कितीही लागून असले तरी ते हायवे अथॉरिटीच्या, म्हणजे रस्त्यांची जबाबदारी असलेल्या सरकारी संस्थेच्या, ताब्यात असतात. हायवेज अ‍ॅक्ट १९८० च्या कलम १८४ खाली त्यांची मंजुरी घेतल्याशिवाय एक कर्बसुद्धा हलवता येत नाही. कर्बला टेकवून ठेवलेली लाकडी फळी किंवा रबरी रॅम्पही चालत नाही. कर्बलगतच्या पन्हळीतून पावसाचं पाणी जाळीकडे वाहत असतं, रॅम्प ते अडवतो आणि अंधारात सायकलवाल्याच्या चाकाखाली येतो.

या कामात पैसे वाया जातात ते बहुतेक क्रम चुकल्यामुळे. लोक आधी ड्राइव्हवेवाल्याला बोलावून बाग फरसबंद करून घेतात आणि मग कौन्सिलकडे अर्ज करतात. अर्ज नामंजूर झाला, किंवा मागितलेल्या पाच कर्बऐवजी चारच मिळाले, तर नव्या फरशीवर गाडी कायदेशीरपणे नेताच येत नाही. म्हणून आधी फुटपाथची मंजुरी, मग बागेचं काम.

रस्ता कोणाचा, कोणत्या वर्गाचा

लंडनमध्ये आपली बरो कौन्सिल हीच हायवे अथॉरिटी असते. अपवाद रेड रूटचा, म्हणजे कडेला लाल रेषा आखलेल्या मुख्य रस्त्याचा, कारण तो ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे असतो. स्लाऊ किंवा मिल्टन कीन्ससारख्या युनिटरी कौन्सिलमध्ये रस्ता आणि प्लॅनिंग (बांधकामाची परवानगी) दोन्ही एकाच ठिकाणी. वॉटफर्डला मात्र कर्बचा अर्ज हर्टफर्डशर काउंटीकडे आणि प्लॅनिंगचा अर्ज वॉटफर्ड बरोकडे करावा लागतो. एकीकडची मंजुरी दुसरीकडे चालत नाही. दोन्ही लागत असतील तर दोन्ही घ्याव्या लागतात.

रस्ता अडॉप्टेड, म्हणजे हायवे अथॉरिटीने देखभालीसाठी आपल्याकडे घेतलेला, आहे का, हे फाइंड माय स्ट्रीट या संकेतस्थळावर कळतं. नव्या वसाहतींमध्ये रस्ते कित्येकदा वर्षानुवर्षं बिल्डरच्याच ताब्यात असतात. तिथे परवानगी बिल्डरची किंवा मॅनेजमेंट कंपनीची लागते. अशा घरांच्या टायटलमध्ये (मालकीच्या नोंदीत) पुढची बाग मोकळी ठेवण्याची अटही असू शकते, तेव्हा लँड रजिस्ट्रीतून टायटल रजिस्टर काढून एकदा वाचून घ्यावं.

आता रस्त्याचा वर्ग. रस्ता ए, बी किंवा सी वर्गातला असेल तर कर्बच्या मंजुरीखेरीज प्लॅनिंग परमिशनही लागते. ए आणि बी नकाशावर लिहिलेले असतात. फसवतो तो सी वर्ग. तो नकाशावर दिसत नाही, आणि गल्लीसारखा वाटणारा रस्ताही सी असू शकतो. कौन्सिलला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या. वर्गाबाहेरच्या रस्त्यावरच्या फ्लॅट नसलेल्या घराला साधारणपणे ही परमिशन लागत नाही. फ्लॅट किंवा मेझोनेट (दुमजली फ्लॅट) असेल तर लागते, लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून नोंदलेल्या, इमारतीसाठी आधी विचारणं भाग आहे, आणि कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) परवानगीशिवायची कामं बंद करणारा आर्टिकल ४ चा आदेश लागू असेल तर नेहमीच्या सवलती गेलेल्या असतात.

कर्ब मोजायचे कसे

ब्रिटनमधला काँक्रीटचा प्रमाण कर्ब ९१५ मिमी लांबीचा असतो. म्हणून कौन्सिल रुंदीचा हिशेब फुटात करत नाही, कर्बच्या नगात करते. पूर्ण खाली बसवलेला तो फ्लॅट कर्ब. त्याच्या दोन्ही टोकांना खालून वर चढत जाणारा टेपर कर्ब असतो, डावा आणि उजवा वेगळा. त्यापलीकडे नेहमीचा पूर्ण उंचीचा. गाडी जायची ती फ्लॅट कर्बवरून. टेपर रुंदीत धरले जात नाहीत.

३ फ्लॅट म्हणजे २.७४ मी., ४ म्हणजे ३.६६, ५ म्हणजे ४.५७ आणि ६ म्हणजे ५.४९ मी. दोन गाड्या शेजारी-शेजारी लावायच्या तर प्रत्येकी २.४ मी. धरून आत ४.८ मी. जागा हवी. पण याचा अर्थ कर्बही तितकाच उतरवायला हवा असा नाही. बाग खोल असेल आणि समोरचा रस्ता रुंद असेल तर ४ फ्लॅटमधून आत शिरून गाडी बाजूला घेता येते. रस्ता अरुंद असेल, समोर गाड्यांची रांग उभी असेल, तर मात्र वळण एका दमात बसत नाही आणि पाचवा कर्ब खरोखर उपयोगी पडतो. अर्ज करण्याआधी खडूने खुणा करून गाडी किती वळते ते बघा. या चाचणीने कित्येकदा एका कर्बचा खर्च वाचतो.

रुंदीकरणातला एक हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. समजा आज ३ फ्लॅट आहेत आणि उजवीकडे २ वाढवायचे आहेत. आत्ताचा क्रम असा: फ्लॅट, फ्लॅट, फ्लॅट, टेपर, उंच, उंच. हवा असलेला क्रम: फ्लॅट, फ्लॅट, फ्लॅट, फ्लॅट, फ्लॅट, टेपर. म्हणजे टेपरच्या जागी फ्लॅट येतो, पहिल्या उंच कर्बच्या जागी दुसरा फ्लॅट आणि दुसऱ्या उंच कर्बच्या जागी टेपर. रुंदी वाढली १.८३ मी., पण उखडावे लागले तीन कर्ब, २.७४ मी., आणि त्यामागचा तेवढाच फुटपाथ. दोन्ही बाजूंना एकेक फ्लॅट वाढवला तर वाढ तितकीच मिळते आणि उखडावे लागतात चार. शक्य असेल तेव्हा सगळी वाढ एकाच बाजूला मागावी, काम कमी होतं.

तो शेवटचा टेपर शेजाऱ्याच्या घरासमोर जातोय का, हेही याच वेळी पाहायचं. जात असेल तर शेजाऱ्याला आधी सांगा. काही कौन्सिल त्याची लेखी संमती मागतात. शेजाऱ्याचाही ड्रॉप्ड कर्ब जवळच असेल तर दोन टेपर एकमेकांना भिडून मधे नुसता उंचवटा उरतो. तो पायात येतो, म्हणून कौन्सिल एकतर मधे ठरावीक लांबीचा उंच कर्ब राखायला लावते, नाहीतर दोन्ही प्रवेश जोडून एक करते.

कमाल रुंदीची मर्यादा प्रत्येक कौन्सिलची वेगळी असते, आणि तिच्यावर हुज्जत घालून सहसा काही हाती लागत नाही. त्यामागे कारण आहे. अंध माणूस काठीने कर्बची कड चाचपत चालतो. ती कड लांबवर गेली तर फुटपाथ कुठे संपला ते कळत नाही. याच कारणाने गाडीच्या प्रवेशाला कर्ब रस्त्याच्या पातळीवर आणत नाहीत, २५ मिमी वर ठेवतात. पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगला तो सपाट असतो आणि तिथे पायाला जाणवणाऱ्या गुठळ्यांच्या लाद्या बसवतात. ‘तेवढा ठोकळाही काढून टाका’ अशी विनंती कौन्सिल नाकारते ती म्हणूनच. शिवाय ती २५ मिमीची कड रस्त्यावरचं पाणी ड्राइव्हवेत शिरू देत नाही.

फुटपाथमध्ये काय काय दडलेलं असतं

अर्ज नामंजूर होतो किंवा खर्च फुगतो तो बहुधा फुटपाथवरच्या आणि फुटपाथखालच्या वस्तूंमुळे. नव्या रुंदीच्या आणि टेपरच्या जागेतून चालत जा आणि दिसेल ते लिहून घ्या.

दिव्याचा खांब किंवा टेलिफोनचा खांब मधे आला तर तो हलवायचा खर्च अर्जदाराचा, आणि तो कधीकधी कर्बच्या कामापेक्षा जास्त होतो. खांबापासून सोडायचं अंतर कौन्सिलच्या नियमपत्रकात दिलेलं असतं. एक कर्ब कमी मागून खांब टळत असेल तर टाळावा.

झाकणं नीट बघा. पाणी बंद करायच्या स्टॉप टॅपचं छोटं झाकण, ओपनरीच (टेलिफोनचं जाळं सांभाळणारी कंपनी) किंवा केबल कंपनीच्या चेंबरचं मोठं झाकण. फुटपाथवरची झाकणं पुष्कळदा फक्त माणसांच्या वजनासाठी असतात. बीएस ईएन १२४ या मानकात ए १५ हा वर्ग पादचाऱ्यांसाठी आणि बी १२५ मोटारींसाठी. गाडी वरून जाणार असेल तर चौकट आणि झाकण बदलावं लागतं. ते काम त्या कंपनीच्याच माणसांनी करायचं, बिल तुमच्या नावावर आणि वेळापत्रक त्यांचं. चेंबर जुनं विटांचं असेल तर त्याच्या भिंतीही मजबूत कराव्या लागू शकतात.

जमिनीखाली टेलिफोन आणि टीव्हीच्या नळ्या फुटपाथमध्ये साधारण २५० ते ३५० मिमी खोल असतात, विजेची केबल ४५० च्या आसपास, गॅस ६०० आणि पाणी ७५० मिमी. ही शिफारस केलेली खोली झाली. जुन्या रस्त्यांवर केबल बरीच वरही सापडते. क्रॉसिंगसाठी, म्हणजे गाडी जायच्या उतरवलेल्या फुटपाथसाठी, खोदाई ३०० मिमीच्या घरात जाते आणि कर्ब उतरवल्यामुळे वरची पातळीही खाली येते. म्हणजे टेलिफोनची नळी नेमकी खोदाईच्या थरातच येते. त्यासाठी लाइनसर्च बिफोर यू डिग या संकेतस्थळावरून नकाशे काढतात, केबल शोधायचं यंत्र फिरवतात आणि पहिला खड्डा हाताने घेतात. नकाशावरची रेघ म्हणजे केबलची नेमकी जागा असं समजून मशीन चालवणारा कंत्राटदार नको.

झाड असेल तर आशा कमीच ठेवा. बांधकामाजवळच्या झाडांसाठीच्या मानकात मुळांचं संरक्षित क्षेत्र खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं धरतात. ३०० मिमी जाडीच्या झाडाभोवती ते ३.६ मी. होतं. निरोगी झाड पार्किंगसाठी कापायला कौन्सिल सहसा तयार होत नाही, आणि लंडनमध्ये अशा झाडाची किंमत कॅव्हॅट या झाडाचं मोल पैशात मोजायच्या पद्धतीने काढली तर आकडा डोळे पांढरे करणारा असतो.

कर्बलगत पावसाच्या पाण्याची जाळी असेल तर तीही सरकवावी लागू शकते. चौकाच्या तोंडापासून पुरेसं अंतर हवं, बहुतेक ठिकाणी १० मी. आणि समोर परमिटची पार्किंगची चौकट आखलेली असेल तर ती छोटी करायला ट्रॅफिक ऑर्डर, म्हणजे त्या पार्किंगचा कायदेशीर आदेश, बदलावी लागते. त्यासाठी जाहीर सूचना निघते, हरकती येतात, महिने जातात आणि शुल्क वेगळं. जिथे पार्किंगची टंचाई आहे तिथे याच मुद्द्यावर अर्ज फेटाळले जातात.

कुंपणाच्या आतली बाजू

घराची भिंत ते फुटपाथची मागची कड हे अंतर टेपने मोजा. बऱ्याच कौन्सिल ४.८ मी. मागतात, काही थोडी सूट देतात. बे विंडो (भिंतीतून पुढे आलेली खिडकी) असेल तर मोजायचं ते तिच्या पुढच्या टोकापासून, भिंतीपासून नव्हे. गाडीचं नाक फुटपाथवर येता कामा नये. गाडी आडवी लावू हा युक्तिवाद सहसा मान्य होत नाही.

फाटक फुटपाथकडे उघडणारं नको, हायवेज कायद्याचं कलम १५३ त्याला मनाई करतं. प्रवेशाच्या दोन्ही बाजूंची भिंत किंवा हेज (झुडपांचं कुंपण) बुटकी ठेवावी, बहुतेक ठिकाणी ६०० मिमीपर्यंत. मागे येणाऱ्या गाडीतून फुटपाथवरचं लहान मूल दिसायला हवं. या एका गोष्टीवर काटकसर करू नये.

मग पाणी. १ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये समोरच्या बागेत ५ चौ.मी.पेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारं आच्छादन करायचं आणि पाणी बागेतच मुरवायचं नाही, तर प्लॅनिंग परमिशन लागते. शिवाय हायवेज कायद्याच्या कलम १६३ नुसार तुमच्या आवारातलं पाणी फुटपाथवर वाहू देता येत नाही. कंत्राटदार सांगतो, कडेला चॅनल ड्रेन (जाळीची अरुंद नाली) टाकू आणि सोकअवे (पाणी मुरवायचा खड्डा) करू. बिल्डिंग रेग्युलेशनच्या मार्गदर्शनाप्रमाणे सोकअवे इमारतीपासून ५ मी. दूर हवा, आणि बागच ५ मी. खोल असते, म्हणजे तो बसत नाही. तेव्हा पाणी मुरणारे ब्लॉक हा सरळ मार्ग. पण नुसते ब्लॉक मुरणारे असून भागत नाही. खाली नेहमीचा एमओटी टाइप १ (पुडीसकट असलेली पायाची खडी) टाकला तर त्यातली बारीक पूड दाबून घट्ट बसते आणि पाणी अडतं. खाली पूड नसलेली ४ ते २० मिमीची खडी, वर २ ते ६ मिमीची बारीक खडी, आणि सांध्यांतही तीच. सांध्यांत वाळू भरली की सगळी मेहनत फुकट. सुटी ग्रॅव्हल घालणार असाल तर फुटपाथलगतची पट्टी बांधीव ठेवा, नाहीतर चाकांबरोबर खडी फुटपाथवर येते.

अर्ज

अर्जाबरोबर द्यायच्या आराखड्यात ही मापं असावीत: घराच्या पुढच्या बाजूची पूर्ण रुंदी, बागेची खोली, फुटपाथची आणि गवताच्या पट्टीची रुंदी, आत्ताचे फ्लॅट आणि टेपर, हवे असलेले फ्लॅट, खांब, झाड, झाकणं, जाळी आणि शेजाऱ्याच्या प्रवेशापर्यंतचं अंतर. रस्त्याच्या दोन्ही दिशांनी आणि समोरून फोटो काढा, जमिनीवर टेप पसरून ठेवलेला असला तर उत्तम. अर्जाचं शुल्क बहुधा परत मिळत नाही, म्हणून त्या कौन्सिलचं नियमपत्रक शेवटपर्यंत वाचूनच भरा.

रुंदीकरण म्हणजे नवीन अर्ज. जुना प्रवेश ४० वर्षांपूर्वीच्या नियमांनी झाला असेल तर वाढ आजच्या नियमांनी तपासली जाते, आणि जुना भाग खचलेला असेल तर तोही नव्याने करा असं सांगितलं जाऊ शकतं. निरीक्षक येईल त्या दिवशी घरी थांबा. ‘पाच बसत नसतील तर चार चालतील’ एवढं वाक्य जागेवर बोललं तरी दुसरा अर्ज वाचू शकतो. मंजुरीला आणि दरपत्रकाला मुदत असते, ती डायरीत लिहून ठेवा.

काही कौन्सिल काम आपल्याच कंत्राटदाराकडून करून घेतात, तिथे दरांची तुलना करायची सोय नसते. काही ठिकाणी तुम्ही कंत्राटदार निवडू शकता. मग त्याच्याकडे स्ट्रीटवर्क्सची (रस्ता खोदायच्या कामाची) मान्यता, कौन्सिलने सांगितलेल्या रकमेचा पब्लिक लायबिलिटी विमा आणि रस्त्यावर कामाचं परमिट असायला हवं. ब्लॉक बसवणारा कितीही कुशल असला तरी एवढ्यावरून त्याला फुटपाथ खोदता येत नाही. दरपत्रकात मलबा नेणं, परमिट, रस्त्याच्या डांबराची दुरुस्ती आणि झाकणांचा खर्च धरलाय का, ते ओळ न ओळ विचारा.

काम नीट होतंय हे कसं ओळखायचं

आधी अडथळे आणि फलक लागतात आणि पादचाऱ्यांसाठी किमान १ मी., जमलं तर १.५ मी. वाट राखली जाते. मग फुटपाथ आणि कर्बपुढची डांबराची पट्टी कटरने सरळ कापतात. डांबर न कापता कर्ब पहारीने उपटला तर रस्त्याची कड वेडीवाकडी तुटते आणि पहिल्या हिवाळ्यात तिथे खड्डा पडतो.

फ्लॅट कर्ब ओल्या काँक्रीटच्या १०० ते १५० मिमी थरावर बसवतात आणि मागून काँक्रीटचा आधार देतात. हा मागचा आधारच कर्बला चाकाच्या धक्क्यापासून धरून ठेवतो. तो दिला नाही तर सहा महिन्यांत कर्ब मागे कलतो. दोरी ताणून ओळ पाहतात, २५ मिमीची कड टेपने तपासतात.

खरं कौशल्य उतारात आहे. फुटपाथची मागची कड सहसा आहे त्याच पातळीवर ठेवतात. फुटपाथ १.८ मी. रुंद आणि उतार ४० ला १ असेल तर त्यात आधीच ४५ मिमीचा फरक असतो. कर्ब १०० मिमीवरून २५ वर आला की आणखी ७५. एकूण १२० मिमी, म्हणजे १५ ला १. फुटपाथ १.२ मी.च असेल तर ३० अधिक ७५, म्हणजे साधारण ११ ला १, आणि व्हीलचेअर रस्त्याकडे ओढली जाऊ लागते. म्हणून रुंद फुटपाथावर उतार कर्बजवळच्या भागात घेऊन मागे शक्यतो ९०० मिमीची पट्टी मूळ उतारावर राखतात. तुमची बाग रस्त्यापेक्षा खाली असेल तर ही पातळी अर्जाच्या वेळीच ठरवून घ्या, नंतर गाडीचं पोट घासतं.

थरांची जाडी कौन्सिलच्या नकाशात असते. डांबरी क्रॉसिंगला साधारणपणे १५० मिमी टाइप १, त्यावर ६० मिमीच्या आसपास जाड खडीचं डांबर आणि वर २० ते ३० मिमी बारीक. टाइप १ एकदम ओतून वरवर दाबला तर खालचा अर्धा थर सैल राहतो. ७५-७५ मिमीच्या दोन थरांत, किंचित ओला करून, प्लेट फिरवून दाबायचा. कापलेल्या कडांना बिट्युमेन लावलं नाही तर सांध्यातून पाणी शिरतं. जुना आणि नवा भाग जिथे मिळतो ती रेघ सगळ्यात आधी उघडते, तेव्हा तिथे उभं राहून बघा. थर झाकण्याआधी कौन्सिलच्या निरीक्षकाला बोलावलंय का, हेही विचारा. काँक्रीट ओतलं असेल तर कंत्राटदार सांगेपर्यंत गाडी नेऊ नका, आणि स्किपची (मलब्याच्या लोखंडी पेटीची) लॉरी किंवा विटांचा ट्रक त्यावरून अजिबात जाऊ देऊ नका. हे क्रॉसिंग मोटारीच्या वजनाचं असतं.

काम झाल्यावर

बागेचं काम आता सुरू करा. फुटपाथच्या मागच्या कडेची नवी पातळी हीच ड्राइव्हवेची सुरुवात. गवताच्या पट्टीवर माती आणि बी टाकायचं राहिलं असेल तर ते करून घेतल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.

नव्या रुंदीसमोर दुसऱ्या कोणी गाडी लावली तर ट्रॅफिक मॅनेजमेंट अ‍ॅक्ट २००४ च्या कलम ८६ खाली, आणि लंडनमध्ये तिथल्या स्वतंत्र कायद्याखाली, कौन्सिल दंड करू शकते. घरासमोरच्या प्रवेशाच्या बाबतीत ती सहसा रहिवाशाच्या तक्रारीवरूनच येते. पांढऱ्या एच आकाराच्या रेषा शुल्क भरून आखून घेता येतात. त्या केवळ सूचना देतात, पण जुनी एच रेष असेल तर ती नव्या मापाने लांबवून घ्या, नाहीतर लोक तिच्या टोकाला धरून गाडी लावतात.

मंजुरीचं पत्र, आराखडा, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि पावत्या घराच्या कागदपत्रांत ठेवा. घर विकताना घेणाऱ्याचा सॉलिसिटर कर्ब परवानगीने उतरवलाय का हे विचारू शकतो, आणि पत्र सापडलं नाही तर विक्री तेवढ्यासाठी अडून राहते.